कोरडवाहू पऱ्हाटी, चोर बीटी आणि जीएमचा वाद: आपलं म्हणणं काय?

पऱ्हाटीवाला

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला शेतकरी. विहिरीचं पाणी दिवाळीपर्यंत पुरतं, म्हणजे हिशोबाला कोरडवाहूच. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तिच्यात तुरीची तासं (ओळी), उरलेल्या वावरात सोयाबीन.

मे महिना लागला की आमच्या पट्ट्यात एकच विषय निघतो, यंदा तणनाशकाचं बियाणं कुठून आणायचं. तणनाशक मारलं तरी न जळणारी, पण परवानगी नसलेली ही कपाशी, हिलाच चोर बीटी म्हणतात. कुणाच्या भाच्याकडून येतं, कुणी सीमेपलीकडून आणतं. पाकिटावर कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही, उगवणीचा टक्का नाही, आणि बिल तर मागायचंच नाही. परवानगी असलेल्या बीजी-२ या बीटी कपाशीच्या पाकिटाची सरकारनं ठरवलेली किंमत २०२४ ला ८६४ रुपये होती, २०२५ ला ९०१ झाली. चोर बीटी त्याहून महाग पडते, तरी लोक घेतात.

टीव्हीवर जीएमचा, म्हणजे जीन बदललेल्या पिकांचा, वाद ऐकतो तेव्हा एक जण म्हणतो हे विष आहे, दुसरा म्हणतो याच्याशिवाय तरणोपाय नाही. आमच्या वावरात नेमकं काय झालं ते कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. माझं मत आधी सांगतो.

बोंडअळीला मारणारा जीन घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्याआधीची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना अमेरिकन बोंडअळी आठवत असेल. फवाऱ्यावर फवारे, आणि अळी बोंडात सुरक्षित. बीटीनं ती अळी आटोक्यात आणली हे मी कुणासमोरही सांगेन. देशाची रुईची उत्पादकता २००२-०३ मध्ये हेक्टरी ३०२ किलो होती, ती २०१३-१४ मध्ये ५६६ किलोवर गेली. त्या वर्षी देशात ३९८ लाख गाठी झाल्या. सगळं श्रेय जीनचं नाही. त्याच काळात गुजरातेत सिंचन वाढलं, खतं वाढली, रसशोषक किडींवर नवी औषधं आली. पण पाठीवरचा पंप काही वर्षं हलका झाला होता, हे खरं.

मग गुलाबी बोंडअळी आली. २०१७ च्या खरिपात आमच्याकडे बोंड वरून ठणठणीत दिसायचं, फोडलं की सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा. बीटी असूनही. आता देशाच्या गाठी ३०० लाखांच्या आत आल्यात आणि त्यात महाराष्ट्राची उत्पादकता देशाच्या सरासरीहून कमी.

माझं म्हणणं असं. आपला घात त्या जीननं केला नाही. तो ज्या झाडात घालून आपल्याला दिला, त्या झाडानं केला. सहा महिन्यांहून जास्त वावरात उभं राहणारं संकरित वाण, दरवर्षी नवं पाकीट. आपल्या पावसाला आणि मध्यम जमिनीला हवं होतं कमी दिवसांचं सरळ वाण, ज्याचं बी घरी राखता येतं. बीटी द्या, उद्या तणाला सहनशील असलेलंही तपासून द्या, पण सरळ वाणात द्या, उघडपणे द्या आणि बिलासकट द्या. ही मागणी विदर्भातून मोठ्यानं उठायला हवी. तुम्ही सांगा, कुठे चुकतंय?

अकोटचा_शेतकरी

धागा काढल्याबद्दल आभार. माझं पहिलं वाक्य हे की शेतकरी चोर नाही. "चोर बीटी" हा शब्दच मला खटकतो, पण सगळे वापरतात म्हणून वापरतो.

१० जून २०१९ ला आमच्याच तालुक्यात, अकोली जहागीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी दिवसाढवळ्या, पत्रकारांसमोर एचटीबीटी, म्हणजे हीच तणनाशक सहन करणारी बीटी, लावली. पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, हे माहीत असून लावली. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, ही शरद जोशींची मांडणी. ती आजही खरी आहे.

कारण बघा. ज्या कंपन्यांनी ते बियाणं तयार केलं, त्यांनी २०१६ मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेतला. म्हणजे कायदेशीर मार्ग तेव्हा अडला. गरज मात्र थांबली नाही. पावसाची झड लागली की आठ-दहा दिवस डवरा (कोळपं) चालत नाही, मजूर मिळत नाही, तण गुडघ्यावर येतं. अशा वेळी घरातली दोनच माणसं असलेल्या शेतकऱ्यानं काय करावं? बंदी घालणाऱ्यांपैकी कुणी झडीत वाकून निंदायला येणार आहे का?

तुमच्या सरळ वाणाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण ते येईपर्यंत थांबा म्हणाल तर नाही.

सेवाग्राम_रस्ता

मी वर्ध्याजवळ विनारासायनिक शेती करतो, त्यामुळे माझी बाजू तुम्हाला ठाऊकच असेल. तरी एक मुद्दा मांडतो, त्यावर भावनेनं नाही, वावर डोळ्यांसमोर आणून विचार करा.

पऱ्हाटीवाला दादा, तुम्ही लिहिलंत "तिच्यात तुरीची तासं". ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की ती तूर राहील का? मूग राहील? आपल्या आजोबांनी पऱ्हाटीत तूर, मूग, जवारी उगाच नाही घातली. पाऊस दगा देतो तेव्हा त्यातलं एखादं पीक घर चालवतं. एचटीबीटी लावलेलं वावर म्हणजे निव्वळ कपाशीचं वावर. कोरडवाहू माणसाला त्याहून मोठी जोखीम दुसरी नाही. धुऱ्यावरची तांदुळजा, घोळ, जनावरांचा चारा हेही जातं.

दुसरं, औषधाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ग्लायफोसेटला माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या गटात टाकलं. केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच व्हावा अशी अधिसूचना काढली. आपल्या गावात ते कसं वापरलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. उघड्या अंगानं, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात होती. त्यातले कित्येक दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे मजूर होते. त्या घरांमध्ये जाऊन "निवडीचं स्वातंत्र्य" म्हणून बघा.

अकोटचा_शेतकरी

२०१७ च्या विषबाधेत ग्लायफोसेटचा संबंध नव्हता. ती कीटकनाशकं होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. बोंडअळीवरची बीटी टिकली असती तर एवढे फवारेच लागले नसते. म्हणजे ते उदाहरण माझ्या बाजूनं जातं.

तुरीचा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्याकडे एचटी लावणारे तूर वेगळ्या पट्ट्यात घेतात आणि फवारताना नोझलला हूड लावतात. सगळ्यांना ते जमत नाही हे मान्य.

किडीचा_अभ्यासक

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकलो, आता खेडोपाडी फिरण्याचंच काम आहे. मूळ पोस्टमधला "झाडानं घात केला" हा मुद्दा लोकांना अतिशयोक्ती वाटू शकतो. तो शास्त्राला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचा जीन. त्यामुळे झाड एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यात अल्कलीपणा असतो, तिथे ते विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटून छिद्रं पाडतं, अळी खाणं थांबवते आणि मरते. बीजी-१ मध्ये असं एक प्रथिन होतं, २००६ ला आलेल्या बीजी-२ मध्ये दोन. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यावर याचा काही परिणाम होत नाही. ते वेगळ्या औषधाचं काम, आणि बीटी लावली म्हणजे फवारणी संपली हा समज तिथूनच मोडत गेला.

आता संकरित वाणाचं गणित. संकरित रोपात बीटीचा जीन एकाच पालकाकडून आलेला असतो. त्या रोपाला जी बोंडं लागतात, त्यातल्या सरकीत तो जीन वाटला जातो. दोन जीन असतील तर साधारण सोळा सरक्यांपैकी नऊ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, सहा सरक्यांत एकेकच, आणि एका सरकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी पानं खात नाही, ती सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण विषारी, अर्धवट विषारी आणि बिनविषारी असं सगळं खायला मिळतं. कमी मात्रेत विष खाऊन जगलेल्या अळ्यांची पिढी पुढे चालते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. सरळ वाणात दोन्ही बाजूंनी जीन असतो, प्रत्येक सरकीत विष पूर्ण असतं.

त्यात मुदत. गुलाबी अळीचा जोर ऑक्टोबरनंतर वाढतो. कमी दिवसांच्या वाणाचा कापूस तोवर बराचसा घरी आलेला असतो. आपली संकरित पऱ्हाटी मात्र जानेवारीत हिरवी, वर फरदड घेतली, म्हणजे तीच झाडं राखून पुन्हा कापूस घेतला, तर मार्चपर्यंत अळीला अन्न. एका हंगामाची अळी दुसऱ्या हंगामाच्या हाती आपणच देतो.

पहिल्या जीनला ही अळी दाद देत नाही, हे गुजरातेतल्या काही जिल्ह्यांतून २०१० मध्येच जाहीर झालं होतं. म्हणजे विदर्भाला सात वर्षं आधी सूचना मिळाली होती.

हाच कीटक, हाच जीन, दुसऱ्या देशांत काय झालं तेही बघा. अमेरिकेनं बीटी, वंध्य केलेले पतंग आणि कामगंध (नर पतंगांना भुलवणारा वास) असा मिळून कार्यक्रम राबवला आणि २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी निपटली असं जाहीर केलं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी लावली, त्यामुळे वावरातच चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी राहिली आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढण्याऐवजी कमी झाली.

बोरगावची_ताई

सर, समजलं नाही. चीनमध्ये बिगर-बीटी झाडं राहिली तर तिकडे अळी वाढायला हवी होती ना?

किडीचा_अभ्यासक

ताई, चांगला प्रश्न. काही अळ्या जगायला हव्याच असतात. बिगर-बीटी झाडावर वाढलेल्या अळ्यांना विष पचवायची सवय नसते. त्यांचे पतंग आणि बीटी झाडावरून वाचलेला एखादा चिवट पतंग यांचा संकर झाला की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडते. जवळपास कुठेच बिगर-बीटी नसेल तर चिवटाशी चिवटाचाच संकर होतो. चीनमध्ये बिगर-बीटी झाडं वेगळी झाडं म्हणून उभी होती. आपल्याकडे एकाच बोंडात सगळं मिसळतं, तिथे अळी एका सरकीतून दुसरीत जाऊ शकते. फरक तो आहे.

कृषीकेंद्रवाला

माझं तालुक्याला दुकान आहे. विषय निघालाच आहे म्हणून. बीटीच्या प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी यायची, वावराच्या कडेनं लावायला. माझ्या दुकानासमोरच लोक ती फेकायचे. काही म्हणायचे त्यात उगवतच नाही, आणि काही लॉटबाबत ते खरंही होतं. आता ते बी पाकिटात मिसळूनच येतं.

चोर बीटी मी विकत नाही. दरवर्षी जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे तुटतात. मला फक्त एक सांगायचं आहे: बिल नसेल तर तुम्ही कुठेच उभे राहू शकत नाही. २०१७ ला बोंडअळी आली तेव्हा महाराष्ट्र कापूस बियाणे कायद्याखाली लोकांनी जी-फॉर्म भरून तक्रारी केल्या. सोबत बिल आणि पाकिटाचा टॅग लागत होता. त्या डिसेंबरात सरकारनं कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० मदत जाहीर केली, आणि त्यात एक वाटा बियाणे कंपन्यांकडून येणार असं धरलं होतं. बिनबिलाचं बी उगवलं नाही तर कुणाकडून काय मागाल?

पऱ्हाटीवाला

अभ्यासक सर, तुम्ही लिहिलेलं मी छापून चावडीवर लावणार आहे.

सरळ वाणातली बीटी आपल्याकडे एकदा आली होती, हे नव्या पिढीला माहीत नाही. बिकानेरी नरमा बीटी, सरकारी संस्थांनी तयार केलेली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ त्यात होतं. बी घरी राखता येणार होतं. २००९ ला बाजारात आली, आणि तिच्यात खासगी कंपनीचाच जीन सापडल्यावर मागे घेतली गेली. पुढे चौकशी समिती बसली. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्या एका फसलेल्या कामापायी किती वर्षं गेली ते मोजा. नंतर त्या संस्थेनं आणि आपल्या अकोल्याच्या विद्यापीठानं सरळ बीटी वाणं काढली. मग ती आमच्या तालुक्याच्या दुकानात का दिसत नाहीत? ज्या बियाण्याचं पाकीट शेतकरी दरवर्षी परत घेणार नाही, ते विकण्यात कुणाला रस असेल? इथे सरकारनंच उतरायला हवं. राज्याचं बियाणे महामंडळ, महाबीज, कशासाठी आहे?

बोरगावची_ताई

मी बचत गटात आहे. घरचं दीड एकर, बाकी आम्ही निंदणाला दुसऱ्यांकडे जातो. इथे निंदणाबद्दल बोलणं चाललंय, पण निंदणाऱ्या बाया धाग्यात नाहीत म्हणून लिहिते.

आषाढ-श्रावणात घरात पैसा येतो तो निंदणाचा. रोजी अडीचशे-तीनशे. पोरांच्या वह्या, पोळ्याचा खर्च, दवाखाना त्यातूनच होतो. आमच्या गावात तणनाशकाची पऱ्हाटी वाढली तसे ते दिवस कमी झाले. हे कुणी मोजत नाही.

पण मी असंही म्हणणार नाही की निंदण राहू द्या, आमचं भलं होतं. चिखलात दिवसभर उकिडवं बसून निंदलेल्या बाईच्या कमरेला विचारा. आणि जिच्या घरची शेती आहे तिला तर रोजीही मिळत नाही, ती फुकटच निंदते. मशीन आलं, औषध आलं, तर येऊ द्या. पण त्या जागी आम्हाला काय काम मिळणार हे कुणी तरी बोला. यंत्र आलं की ते चालवायला गडीमाणूस लागतो आणि बाई घरी बसते, असंच आजवर झालं.

ड्रोनचं उदाहरण देते. सरकारनं नमो ड्रोन दीदी योजना काढली, बचत गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान, देशभरात १५ हजार गटांना. शेजारच्या तालुक्यातल्या एका गटातली मुलगी शिकून आली, स्वतः उडवते. दहा लिटरची टाकी, एकर काही मिनिटांत होतं. औषध अंगावर येत नाही. मला ते बघून बरं वाटलं. २०१७ ला असं काही असतं तर काही घरं वाचली असती. अडचण बॅटरीची आहे, दिवसभराला पुरत नाही आणि वावरात चार्जिंग नाही. आणि एकदोन एकरांचे तुकडे, मधे बाभळी, विजेच्या तारा. तरी हे तंत्रज्ञान बाईच्या हातात दिलंय, म्हणून मी याच्या बाजूची आहे.

सेवाग्राम_रस्ता

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. रोजीचा मुद्दा आम्ही सेंद्रियवालेही नीट मांडत नाही. आमच्या शेतीला मजूर जास्त लागतात हे आम्ही अभिमानानं सांगतो, पण त्या कामाची रोजी वाढायला हवी हे त्याच दमात सांगत नाही. सांगायला हवं.

घाटंजीचा_गडी

राजेहो, तुमी जीन-जीन करून राह्यले, मले एक सांगा, भाव कोन ठरवते? २०२५ च्या हंगामाले सरकारनं हमीभाव काढला, मध्यम धाग्याले ७,७१० अन् लांब धाग्याले ८,११०. अन् त्याच साली १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढून टाकली. पयले सप्टेंबरपर्यंत म्हनले, मंग डिसेंबरपर्यंत वाढवली. आमचा कापूस दसऱ्या-दिवाईले निंगते. म्हंजे आमी माल घेऊन बाजारात जाव त्याच टायमाले बाहेरून बिनड्युटीचा कापूस. एकरी दोन क्विंटल जास्त पिकलं तरी भाव पडला तं ते दोन क्विंटल कोनाच्या कामाचे? बियान्यावर बोलाच, पन भावावर बोलल्याबिगर हा धागा पुरा होत नाही बाप्पा.

अकोटचा_शेतकरी

घाटंजीच्या भाऊंनी दुखरी नस पकडली. तो बाहेरून येणारा कापूस कुठला? अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया. तिथला बहुतेक कापूस बीटी आणि तणनाशकाला सहनशील असा दोन्ही आहे, तोही सरळ वाणातला. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयाबीनची ढेप आणायला परवानगी दिली, तेव्हा आपल्या सोयाबीनचा भाव कोसळला. बाहेरच्या शेतकऱ्यानं पिकवलेलं जीएम इथे चालतं आणि इथल्या शेतकऱ्यानं पेरलं तर गुन्हा. याला न्याय म्हणत नाहीत.

पुण्यातून_वाचतोय

मूळ गाव पुसद. एक प्रामाणिक शंका. हे सगळं खाण्यात येतं का? वांग्याचं काय झालं होतं?

किडीचा_अभ्यासक

कपाशीचं थोडं येतंच. सरकीचं तेल आपण वर्षानुवर्षं खातो, ढेप जनावरं खातात. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास राहतच नाही. आणि माणसाच्या पोटात आम्ल असतं, अळीच्या आतड्यासारखी ती प्रथिनं चिकटायची जागाही नसते. नव्या प्रत्येक जीनची तपासणी स्वतंत्र आणि उघड व्हायला हवी, हे मात्र मी आग्रहानं सांगतो. एकाची सुरक्षितता दुसऱ्याला लागू होत नाही.

बीटी वांग्याला जीईएसीनं, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं, ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली. मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली, ती अजून आहे. बांगलादेशनं मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणाचंही तसंच लटकलंय. २०२२ मध्ये मान्यता, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे वेगवेगळे निकाल.

धानपट्टा_गोंदिया

कपाशीवाल्यांच्या गर्दीत पूर्व विदर्भाची हजेरी लावतो. आमच्याकडे धान. ४ मे २०२५ ला दिल्लीत दोन जनुक-संपादित वाणं जाहीर झाली. त्यातलं पुसा डीएसटी राईस १ हे एमटीयू १०१० पासून केलंय. १०१० आमच्या बांध्यांमध्ये कित्येक वर्षं आहे, त्यामुळे कान टवकारले. दुसरं कमला, सांबा महसुरीपासून. ते १५-२० दिवस आधी येतं म्हणतात. यात बाहेरचा जीन घातलेला नाही, त्याच झाडाच्या जीनमध्ये बारीक बदल केलाय, म्हणून त्याला २०२२ पासून जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे.

पाऊस ऑगस्टात ओढ देतो तेव्हा पंधरा दिवस आधी येणारं धान म्हणजे आमच्यासाठी फार मोठी गोष्ट. पण मला विचारायचंय की त्याचं बी आम्हाला राखता येईल ना? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकरांत पटेल ३ या धानातून वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी काढलं. ते हातोहात, पायलीपायलीनं गावोगाव गेलं. अकोल्याच्या विद्यापीठानं पुढे पीकेव्ही एचएमटी काढलं. देशभर खाल्लं जातं ते धान, आणि दादाजी २०१८ मध्ये हलाखीत गेले. बियाणं शेतकऱ्याच्या हातात राहिलं की काय होतं, आणि शेतकऱ्याला श्रेय न दिलं की काय होतं, दोन्ही आमच्या पट्ट्यानं पाहिलंय.

पऱ्हाटीवाला

दादाजींचं नाव काढलंत, आभार. कायदा आपल्या बाजूनं आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क देतो. पण संकरिताचं बी राखून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते फुटतं, झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणजे कागदावर असलेला हक्क संकरितानं वावरात निरुपयोगी केला. माझा सगळा राग यावर आहे.

अकोटच्या भाऊंशी माझा मतभेद एवढाच: लपूनछपून लावल्यानं सरकारवर दबाव येत नाही, उलट फसवणाऱ्यांचं फावतं. आमच्या शेजारच्या गावात एकानं असंच बी आणलं, तण मारायला औषध मारलं, तणासोबत अर्धी पऱ्हाटी जळाली. भेसळ होती. तो कुणाकडे जाणार? अकोली जहागीरला उघडपणे लावली तेव्हा निदान प्रश्न देशासमोर आला. उघड मागणी करू, मोर्चा काढू, मी पुढे चालेन. बिनबिलाचं पाकीट मात्र मी वावरात नेणार नाही.

अकोटचा_शेतकरी

भेसळ हा बंदीचाच परिणाम आहे. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या. सरळ वाणाच्या मागणीच्या निवेदनावर माझी सही धरा.

सेवाग्राम_रस्ता

माझीही धरा, एका अटीवर. निवेदनात देशी कपाशीही घाला. एकेए ७, एकेए ८ ही अकोल्याचीच वाणं आहेत, रसशोषक किडींना काटक, आणि हलक्या रानात कमी खर्चात येतात. सगळी जमीन एकाच वाणाखाली नको.

पऱ्हाटीवाला

घातलं. आता यंदाचं बोलू. मी अर्धा एकर अकोल्याचं सरळ वाण सघन (दाट) पद्धतीनं, तीन फूट बाय अर्धा फूट, लावून बघणार आहे. तुरीसाठी तासं सोडणार. बाकी वावरात बिलाची बीजी-२, पण डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणार, फरदड नाही. कामगंध सापळे गावानं मिळून लावायचं ठरतंय, कारण एकट्यानं लावून शेजारचे पतंग थांबत नाहीत. अभ्यासक सर, सापळे किती आणि घरचं बी राखताना काय सांभाळायचं, तेवढं लिहा.

किडीचा_अभ्यासक

नजर ठेवण्यासाठी हेक्टरी पाच सापळे, एकरी दोन धरा. पाती (कळ्या) लागायच्या वेळी लावा, ल्युअर (सापळ्यातली गंधाची गोळी) वेळेवर बदला. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाययोजनेची वेळ झाली. त्याचबरोबर डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, आणि आठवड्याला वावरात वेगवेगळ्या ठिकाणची हिरवी बोंडं फोडून बघा. दहात एक किडकं निघालं तरी तीच पातळी समजा. गावाजवळ जिनिंग असेल तर तिथेही सापळे लावायला सांगा, सरकीच्या ढिगातून पतंग निघत राहतात.

सघन लागवडीत एकरी तीस हजारांच्या आसपास झाडं बसतात. भारी जमिनीत झाड माजलं तर वाढ रोखावी लागेल, त्यामुळे अर्धा एकर मध्यम जमिनीचाच निवडा.

बी राखायचं तर सरळ वाणाचा तुकडा दुसऱ्या कपाशीपासून निदान ३० मीटर लांब ठेवा, मधमाश्या परागकण नेतात. वेगळी दिसणारी झाडं फुलावर यायच्या आत उपटा. पहिल्या आणि शेवटच्या वेच्याचं बी घेऊ नका, मधल्या वेच्यातली निरोगी, पूर्ण फुटलेली बोंडं घ्या. जिनिंगवर नेऊ नका, तिथे दुसऱ्याची सरकी मिसळते. गावात कुणाकडे जुना रेचा (कापसातून सरकी वेगळी करायचं हातयंत्र) असेल तर हातानं काढा. आणि पेरण्याआधी शंभर सरक्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. प्रमाणित सरळ वाणाला ६५ टक्के उगवण लागते, त्याहून कमी आली तर ते बी पेरू नका.

बोरगावची_ताई

रेचा आमच्या सासूबाईंकडे आहे, चालू आहे. बी काढायचं काम आमच्या गटाला द्या, किलोमागे काय देणार ते आधी ठरवा.

पऱ्हाटीवाला

ताई, दिलं. रविवारी चावडीवर बसू, तुमच्या गटातल्या सगळ्यांना घेऊन या. दर तिथेच ठरवू.